स्कर्टिंग का निघते?

आपल्या अंकाच्या मराठी विभागात कविता भरपूर येतात, प्रवासवर्णनं येतात, पण आपण चार वर्षं वर्गात जे शिकतो त्याबद्दल मराठीत कुणीच लिहीत नाही, अशी संपादक मॅडमची तक्रार होती. म्हणून हा लेख. माझं शिक्षण सोलापूरला कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे शेअर, पील, सबस्ट्रेट हे शब्द मला मराठीत कुणी शिकवलेले नाहीत, ते मी आहेत तसेच लिहिणार आहे. बाकीचे शब्द गवंड्यांकडून घेतले आहेत आणि ते पुस्तकातल्या शब्दांपेक्षा चांगले आहेत असं माझं मत झालं आहे.

विषय छोटा आहे. भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथे भिंतीला जी चार इंची पट्टी लावतात ती स्कर्टिंग. आमच्या बेंबळीला (तालुका व जिल्हा धाराशिव) मिस्त्री लोक तिला 'स्काटिंग' म्हणतात. तिचं काम काय? झाडू आणि पोछा यांच्यापासून भिंत वाचवणं आणि फरशीची कड झाकणं. पूर्वी आपल्याकडे ही पट्टी नव्हती असं समजू नका. जमीन सारवताना भिंतीचा खालचा वीतभर भागही त्याच शेणामातीने सारवून घेत. ती स्कर्टिंगच होती, फक्त दर आठवड्याला नवी होत होती!

आता प्रश्न असा, की टाइल किंवा ग्रॅनाइटची ही पट्टी वर्ष-दोन वर्षांत निघून का येते? आपल्याच हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये पाहा. बाथरूमच्या बाजूला आणि दारामागे पट्ट्या हलताहेत. दुकानात गेलात की उत्तर तयार असतं, "स्ट्राँगवालं केमिकल घेऊन जा." म्हणजे पट्टी निघाली कारण चिकटवणारा पदार्थ कमजोर होता, हे गृहीत धरलेलं आहे. हे खरं आहे का, ते आधी आकडेमोड करून बघू. स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्सचा पहिला धडा एवढाच लागतो.

व्हिट्रिफाइड टाइलची एक पट्टी घ्या. लांबी ६०० मिमी, उंची १०० मिमी, जाडी ९ मिमी. घनफळ ५४० घन सेंटिमीटर. घनता साधारण २.३ धरली तर वजन सव्वा किलोच्या आसपास, म्हणजे सुमारे १२ न्यूटन. मागची बाजू ६०,००० चौरस मिमी. पट्टी फरशीवर टेकलेलीच नाही, पूर्ण वजन चिकटपणावर लटकतंय असं समजलं तरी ताण येतो ०.०००२ न्यूटन प्रति चौरस मिमी. चांगल्या टाइल अढेसिव्हची ताकद त्याच एककात अर्धा ते एक असते. भागाकार करा. अडीच हजार पट! मिस्त्रीने मागे पाच ठिकाणी टिकल्या देऊन फक्त पाचवा हिस्सा चिकटवला तरी पाचशे पट ताकद उरते. वजनाने पट्टी पडूच शकत नाही. मग ती पडते कशाने?

निघालेली पट्टी उचला आणि तिची पाठ बघा. गुन्हेगार तिथेच सापडतो. पाठीवर काही नाही आणि सगळा मसाला भिंतीवर राहिला आहे, तर अढेसिव्ह टाइलला धरलंच नाही. मसाला अर्धा इकडे अर्धा तिकडे फाटला आहे, तर अढेसिव्ह स्वतः कमजोर होतं. आणि पाठीवर मसाल्यासकट भिंतीचा रंग, चुना, गिलाव्याचा पापुद्रा चिकटून आला आहे, तर अढेसिव्हने काम चोख केलं, भिंतीनेच साथ सोडली. मी आमच्या मजल्यावरच्या निघालेल्या अकरा पट्ट्या अशा पाहिल्या (रूममेट मला वेडी समजली). त्यातल्या सात पट्ट्यांच्या पाठीवर डिस्टेंपरचा पापुद्रा होता. तीन पट्ट्यांची पाठ अगदी स्वच्छ होती. मसाला मधून फाटला होता अशी फक्त एक निघाली. दुकानदार ज्या रोगावर औषध देतो तो रोग अकरात एकाला!

भिंतीवर चिकटवतो म्हणजे आपण भिंतीच्या सगळ्यात वरच्या थराला चिकटवतो, हे लक्षात घ्या. तो थर चुन्याचा असेल तर पट्टी चुन्याला चिकटली. चुना खालच्या गिलाव्याला किती घट्ट आहे, तेवढीच पट्टी घट्ट. एक सोपी परीक्षा करा. सेलोटेपचा तुकडा भिंतीवर अंगठ्याने दाबून लावा आणि झटकन ओढा. टेपवर पांढरी पूड आली तर जगातलं कुठलंही महागडं अढेसिव्ह त्या पुडीलाच धरणार आहे. रंग खरवडून, टाचे मारून, धूळ ओल्या ब्रशने काढल्याशिवाय पुढे जाऊ नये. हे काम कंटाळवाणं आहे, दिसत नाही, आणि त्याचे वेगळे पैसे कुणी देत नाही. म्हणून ते होत नाही.

स्वच्छ पाठीच्या त्या तीन पट्ट्यांचं कारण वेगळं. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही, वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. साध्या सिमेंटच्या घोळाला धरायला बारीक छिद्रं लागतात. घोळ आत शिरतो, तिथे स्फटिक तयार होतात आणि मुळं रोवल्यासारखी पकड बसते. जुन्या सच्छिद्र टाइलला हे जमत होतं, म्हणून त्या आधी पाण्यात भिजवायची पद्धत होती. व्हिट्रिफाइडला मुळं रोवायला जागाच नाही. शिवाय नव्या टाइलच्या पाठीवर एक पांढरी भुकटी असते. भट्टीत रोलरला टाइल चिकटू नये म्हणून ती लावलेली असते. म्हणजे 'चिकटू नये' यासाठी लावलेला पदार्थ तसाच ठेवून आपण चिकटवायला जातो! ओल्या फडक्याने पाठ पुसणं, एवढंच करायचं असतं.

टाइल अढेसिव्हची पिशवी येते तीही मुळात सिमेंट आणि बारीक वाळूच आहे. त्यात दोन गोष्टी जास्त असतात. सेल्युलोज ईथर पाणी धरून ठेवतं, त्यामुळे कोरडी भिंत मसाल्यातलं पाणी पटकन शोषून घेऊ शकत नाही. आणि पॉलिमरची भुकटी पाण्यात पुन्हा विरघळल्यासारखी पसरून सुकताना पातळ पडदे बनवते, ते गुळगुळीत पाठीलाही धरतात आणि थोडे ताणले जातात. यासाठी भारतीय मानक आहे, आयएस १५४७७. २०१९ च्या आवृत्तीत त्यात पाच प्रकार केले आहेत. पिशवीवर प्रकार लिहिलेला असतो, तो वाचून घ्या. आमच्या गावात पिशवी रंगावरून विकली जाते.

आता ताकदीकडे परत येऊ, कारण ताकद एकाच प्रकारची नसते. पट्टीला खाली सरकवणारा जोर म्हणजे शेअर. त्याला अढेसिव्ह फार चांगलं तोंड देतं, कारण सगळं क्षेत्रफळ एकदम कामाला लागतं. पण एका कडेला नख घालून ओढलं तर जोर फक्त त्या कडेच्या रेघेवर येतो. हा पील. भिंतीवरचं पोस्टर सरळ खाली ओढून बघा, हलत नाही. कोपरा धरून सोला, सहज येतं. खाटेचा पाय, पोछ्याची बादली, दार धाडकन उघडणं, हे सगळं पट्टीच्या कडेवर जातं. पाच टिकल्यांवर लावलेल्या पट्टीच्या कडा पोकळ असतात, म्हणजे जिथे मार बसतो तिथेच आधार नाही. म्हणून दातेरी थापीने पूर्ण पाठीवर मसाला ओढायचा. आमच्या मजल्यावरच्या सफाईवाल्या मावशींना हे मोजमाप न करता कळतं. झाडूची मूठ पट्टीवर आपटून त्या सांगतात, "ही वाजती, ही जाणार." वाजते म्हणजे पोकळ आहे. नाण्याने ठोकून बघा, मावशींचं निदान बरोबर निघतं.

काही घरांत आता टाइलऐवजी पीव्हीसीची किंवा एमडीएफची पट्टी लावतात. तिथे आणखी एक शत्रू आहे, तापमान. पीव्हीसी प्रत्येक अंश सेल्सिअसला मीटरमागे साधारण ०.०७ मिमी वाढते. तीन मीटरची पट्टी आणि थंडीतल्या पहाटेपासून मराठवाड्यातल्या मे महिन्याच्या दुपारपर्यंत २५ अंशांचा फरक धरा, पट्टी पाच मिमीहून जास्त लांबते. तेवढ्यात भिंत एक मिमीसुद्धा वाढत नाही. या दोघांना एपॉक्सीसारख्या कडक पदार्थाने जखडलं तर काय होईल? जेवढं घट्ट बांधाल तेवढा ताण वाढणार. इथे कमी ताकदीचं पण रबरासारखं ताणलं जाणारं अढेसिव्ह चांगलं. गनमध्ये घालून वापरायच्या नळ्या मिळतात, त्यांतल्या बऱ्याच पॉलियुरेथेनच्या किंवा ज्याला एमएस पॉलिमर म्हणतात त्याच्या असतात. हे दुसरं जपानच्या कानेका कंपनीने १९७० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आणलं. दोन्ही हवेतल्या दमटपणाने घट्ट होतात. एमडीएफबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ज्या घरात फरशी पाण्याने पुसतात तिथे ती लावू नये. खालची कड पाणी पिऊन फुगते आणि मग अढेसिव्ह कितीही चांगलं असो, पट्टीच उरत नाही.

दुकानातल्या बाकीच्या मंडळींची ओळख पटकन करून देते. सुतारकामाचा पांढरा डिंक म्हणजे पॉलिव्हिनाइल ॲसिटेट. तो पाणी निघून गेल्यावर घट्ट होतो, म्हणून निदान एक बाजू पाणी पिणारी हवी, आणि रोज ओलं होणाऱ्या जागी साधा प्रकार मऊ पडतो. लाकडाला लाकूड, उत्तम. टाइलला भिंत, नाही. चामड्याला आणि सनमायकाला लावतात तो पिवळसर रबरी गोंद दोन्ही बाजूंना लावून, हाताला लागेनासा झाला की चिकटवायचा असतो. एकदा टेकवला की सरकवता येत नाही, आणि त्याच्या वासाने डोकं दुखतं, खिडकी उघडी ठेवा. दोन थेंबांत बोटं चिकटवणारा तो सायनोअक्रिलेट. हॅरी कूव्हर यांच्या हाती तो १९४२ मध्ये लागला, तेव्हा फारच चिकट म्हणून बाजूला ठेवला गेला, आणि १९५८ मध्ये विक्रीला आला. चपलेला ठीक आहे, भिंतीला तो ठिसूळ पडतो. आणि सुकताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन शहाबादी, संगमरवर किंवा चुन्याच्या भिंतीला लावू नका. तो वास ॲसेटिक ॲसिडचा असतो आणि हे तिन्ही पदार्थ मुळात कॅल्शियम कार्बोनेट आहेत. बारावीची केमिस्ट्री आठवा.

सगळ्यात मोठा शत्रू मात्र पाणी, आणि तेही पोछ्याचं नाही, जमिनीतलं. इथे मला आमच्या घराचं उदाहरण द्यावंच लागेल, कारण मे महिन्यात यावरून घरात चांगलंच वाजलं होतं.

आमच्या बेंबळीच्या घराचे दोन भाग आहेत. पुढचा हॉल विटा-सिमेंटचा, नवा. मागे आजीची खोली, दगड-मातीची, अडीच फूट जाडीची भिंत, वर माळवद. दर वर्षी पांढऱ्या मातीने ती पोतारतात. चुलत भावाच्या लग्नाआधी दोन्हीकडे स्कर्टिंग आणि आजीच्या खोलीत चार फुटांपर्यंत टाइल लावायचं ठरलं. दादाचं म्हणणं, "मातीची भिंत आहे तर काय झालं, स्ट्राँग केमिकल लावू. खोली एकदम हॉलसारखी दिसेल." आजीचा आक्षेप एकच होता, फरशीच्या फटीत विंचू बसतो. सगळे हसले. पण पोकळ पट्टीच्या मागे विंचवाला जागा होते हे अगदी बरोबर आहे. वरची कड उघडी आणि आत कोरडी पोकळी, त्याला आणखी काय हवं?

माझा आक्षेप वेगळा होता. जुन्या भिंतीच्या जोत्यात ओल अडवणारा थर नसतो. दिव्याची वात तेल चढवते तशी भिंत जमिनीतलं पाणी वर चढवते. हे पाणी मातीतले क्षार बरोबर घेऊन येतं. भिंत उघडी असेल तर ते पृष्ठभागावरून उडून जातं, क्षार मागे राहतात, दरवर्षी थोडे पोपडे पडतात, आणि आपण पुन्हा पोतारतो. यालाच लोणा म्हणतात. आता खालच्या भागावर सिमेंटचा गिलावा आणि टाइल लावून वाट बंद केली तर पाणी थांबत नाही, ते टाइलच्या वर जाऊन बाहेर पडतं. आमच्या गल्लीतल्याच एका मातीच्या घरात चार वर्षांपूर्वी असं काम झालं होतं. आज तिथे टाइलच्या वर फूटभर लोणा आहे, आणि टाइलच्या मागची माती ओली राहून मऊ पडली आहे. एक टाइल काढून दाखवली तेव्हा मागे बोट जात होतं. मी दादाला मुद्दाम तिथे घेऊन गेले.

वजनाचा हिशोबही केला. बारा फुटांची भिंत, चार फूट उंची, टाइल आणि मसाला मिळून सव्वाशे किलोच्या घरात. क्षेत्रफळाने भागलं तर हाही ताण किरकोळच, हे मी प्रामाणिकपणे सांगितलं. मुद्दा वजनाचा नव्हता. मुद्दा हा, की कोरड्या मातीच्या भिंतीची जी थोडी ताकद आहे ती ओलीने जाते, आणि टाइलमुळे ती गेलेली दिसत नाही.

ही न दिसण्याची गोष्ट आपल्या जिल्ह्यात हलकी घेता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. तीव्रता ६.२ च्या आसपास. लातूर आणि आपल्या (तेव्हाच्या उस्मानाबाद) जिल्ह्यात हजारो माणसं गेली, त्यात सास्तूरसारखी गावं होती. तिथली बहुतेक घरं अशीच, जाड दगड-मातीच्या भिंती आणि वर जड माळवद. अशी भिंत बाहेरून एक दिसते, पण ती दोन भिंती असतात. आतला दगडांचा थर, बाहेरचा थर, मध्ये खड्यांची आणि मातीची भर. दोन्ही थरांना आरपार जोडणारा दगड नसेल तर हादऱ्यात दोन्ही थर एकमेकांपासून सुटून फुगतात आणि कोसळतात. म्हणजे तोही चिकटण्याचाच प्रश्न होता! भूकंपानंतर जागतिक बँकेच्या मदतीने १९९४ पासून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला, जुनी घरं बळकट करणं हा त्याचा एक भाग होता. दगडी भिंतीत आरपार दगड ठरावीक अंतरावर हवेत, हे आयएस १३८२८ या १९९३ च्याच मानकात लिहिलेलं आहे. आबांनी त्या काळात आमच्या मागच्या भिंतीत असे दगड बसवून घेतले होते. ते म्हणाले, "भिंत फुगली का नाही ते मी दर साली हात फिरवून बघतो. टाइल लावली तर काय बघू?" या वाक्यानंतर दादा गप्प झाला. माझ्या आकडेमोडीने झाला नव्हता, हेही नोंदवते.

हॉलमध्ये मात्र आम्ही स्कर्टिंग लावली, आणि व्यवस्थित लावली. मिस्त्रीकाका जुने, हाताला सफाईदार, पण त्यांना टिकल्यांची सवय. मी सारखी मागे उभी, म्हणून ते वैतागले, "ताई, आमी तीस वर्सं हेच करतोय." मग मी त्यांनाच विचारलं की निघालेल्या पट्ट्या मागून कशा दिसतात. ते थोडं थांबले आणि म्हणाले, "चुना घेऊन येती." त्यानंतर त्यांनी स्वतःच पोराला भिंत खरवडायला लावली. एकदा भिंत स्वच्छ झाल्यावर बाकीचं काम सरळ होतं. भिंत थोडी ओलसर केली, पण पाणी ओघळेल इतकी नाही. टाइल भिजवली नाही, फक्त पाठ पुसली. पाणी मोजून घातलं, कारण जास्त पाणी घातलं की मसाला थापायला सोपा आणि सुकल्यावर कच्चा. मसाला ओढल्यावर पट्टी वीस मिनिटांच्या आत बसवायची. त्याच्यावर साय धरली की बोट लावून बघायचं, बोटाला लागला नाही तर तो खरवडून फेकायचा. फेकायचं म्हटलं की सगळ्यांच्या जिवावर येतं.

आणि एक गोष्ट मी हट्टाने करून घेतली. पट्टी आणि फरशी यांच्यामध्ये दोन-तीन मिमी फट ठेवली. पट्टीखाली पाचरी घालून काम केलं, दुसऱ्या दिवशी पाचरी काढल्या आणि फट व्हिनेगरचा वास न येणाऱ्या लवचिक सीलंटने भरली. कारण आपली काळी माती. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, शेतातल्या भेगांत हात जातो हे तुम्ही पाहिलं असेल. भिंतीचा पाया खाली मुरुमावर टेकलेला असतो, फरशी मात्र वरच्या भरावावर असते. दोघं सारखे हलत नाहीत. पट्टी सिमेंटने दोघांनाही पक्की धरली असेल तर या ओढाताणीत तीच सुटते किंवा तडकते. पट्टीने भिंतीचं व्हावं, फरशीला फक्त शेजार द्यावा. वरची कड ग्राउटने बंद केली, विंचवासाठी!

हॉस्टेलच्या कामकाज पाहणाऱ्या सरांसाठी एक सूचना. बाथरूमजवळच्या पट्ट्या पुन्हा चिकटवण्याआधी तिथे भिंतीवर हातभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी टेपने बंद करून एक दिवस ठेवावा. आतून दव आलं तर पाणी भिंतीतूनच येतंय, आणि आधी पाइप बघावा लागेल. दव नाही आलं तर रंग खरवडून काम करता येईल. त्यानंतर निदान २४ तास तिथे पाणी मारू नये, हे मावशींना आधी सांगावं, काम झाल्यावर नव्हे.

आजीच्या खोलीत शेवटी काय केलं? खालच्या हातभर पट्ट्यात सुटलेली माती काढून तिथे चुना-वाळूचा गिलावा केला. चुना ओल बाहेर जाऊ देतो. त्यासमोर शहाबादीच्या नऊ इंची पट्ट्या नुसत्या उभ्या केल्या, फरशीत दीड इंच खाचेत रोवून, भिंतीपासून बोटभर लांब. भिंतीला काहीच चिकटवलेलं नाही. ती बोटभर फट चुन्याच्या दुबळ्या मसाल्याने भरली आहे, म्हणजे पाणी जाईल आणि विंचू बसणार नाही. हवी तेव्हा पट्टी उपसून आबांना भिंत बघता येते. चुना सावकाश घट्ट होतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत, त्यामुळे लग्नात ती पट्टी ओलसर आणि डागाळलेलीच दिसत होती आणि फोटोत आली आहे. दादाने तिच्यासमोर गाद्या रचून ठेवल्या होत्या.